तेल गप होईपर्यंत

तेल बोलतं, असं कोंडाबाई पहिल्यांदा म्हणाली तेव्हा चिमाजीला हसू आलं. पण उघड हसायची सोय नव्हती. एक तर ती त्याची सासू, त्यातून सख्खी मामी, आणि त्या घडीला तिच्या हातात उलथनं होतं.

त्रेचाळीस सालचा चैत्र होता तो. लढाई चालली होती ब्रह्मदेशात आणि तेल संपलं होतं आंबवड्यात. आजूबाजूच्या दहा-बारा वाड्यांत पिठाची गिरणी एकच, ती आंबवड्याची. गिरणीत एक आडवं इंजिन, छातीएवढ्या उंचीचं चाक असलेलं. मालक रखमाजी. पण रखमाजीला इंजिनातलं एवढंच कळे की ते चाललं तर आवाज होतो आणि नाही चाललं तर होत नाही. चालवायचा तो चिमाजी. मराठी चार बुकं शिकलेला. पुण्यात एका कारखान्यात दोन वर्षं झाडू मारता मारता डोळ्यांनी जेवढं उचलता आलं तेवढं उचलून आलेला. शिकवलं कुणी नव्हतं. झाडूवाल्याला कोण शिकवतो?

क्रूड तेलाचं परमिट फाल्गुनात बंद झालं आणि इंजिन थंड पडलं. बायकांनी माळ्यावरची जाती खाली काढली. दहा वर्षं इंजिनाच्या पिठाची सवय झालेले हात पहिल्या आठवड्यातच सुजले. तेवढ्यात कचेरीचा कागद आला. तेलाअभावी बंद असलेलं यंत्र सरकारी कामी लावण्यात येईल. सरकारी काम कोणतं, तर भोरात एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावर पाणी चढवायचं. म्हणजे आंबवड्याच्या बायकांनी दोन्ही हातांनी जातं ओढावं आणि साहेबाच्या गुलाबांनी आडवं पडून पाणी प्यावं. कागदावर हे असं लिहिलेलं नसतं. कागदावर ‘सार्वजनिक उपयुक्तता’ असं लिहिलेलं असतं.

रखमाजी म्हणाला, “न्यायचं तर नेऊ द्या. सरकारापुढं आपुन काय बोलणार?”

चिमाजी बोलला. त्यानं उलटा अर्ज लिहिला. ओढ्याकाठानं करंजाची झाडं पोत्यानं बिया टाकतात. करंजेलात थोडं राकेल मिसळून इंजिन चालवून दाखवतो, चाललं तर इंजिन हितंच राहू द्या. अर्जात अकरा चुका होत्या, पण मुद्दा बरोबर होता. कचेरीनं आठ दिवस दिले. चार तास न थांबता चालवून दाखवायचं. मध्ये बंद पडलं तर त्याच दिवशी गाडीवर चढवायचं.

पाहणीला आले ओव्हरसियर मानसिंगराव. अंगात खाकी कोट, खिशात फाउंटन पेन आणि कातडी म्यानात थर्मामीटर. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हा पुस्तकात वाचलेलं सगळं खरं मानणारा माणूस होता, त्याच्याशी भांडायचं कसं?

“करंजेल कच्चं वापरायचं नाही,” मानसिंगराव म्हणाले. “घाण्यातून येतं तेव्हा त्यात पाणी असतं. ते उडवायचं. दोनशे तीस डिग्री, पंचवीस मिनिटं. मग तीन भाग तेल, एक भाग रॉकेल. समजलं?”

“समजलं साहेब. पर बिया कुठल्या?”

“म्हणजे?”

“वड्याकाठच्या बिया ओल्या असत्यात, माळावरच्या वाळल्याल्या. एका घाण्यात पानी जास्त, दुसऱ्यात कमी. मिंटं सारखी कशी व्हतील?”

“पुस्तकात पंचवीस दिलीत.”

रखमाजीची गुऱ्हाळाची काहील चुलाणावर चढवली. थर्मामीटर तेलात सोडला. दोनशे तीस डिग्री, पंचवीस मिनिटं, मानसिंगराव घड्याळ हातात धरून उभे. तेल उतरवलं, निववलं, राकेल घातलं. इंजिनाचं डोकं स्टोव्हनं लाल केलं, चाक फिरवलं. इंजिन राकेलावर चालू झालं, करंजावर घेतलं, आणि दहाव्या मिनिटाला शिंकलं. फट्. फुस्. फट्. मग काळा धूर सोडून गप पडलं.

मानसिंगरावांनी वहीत लिहिलं, “तेल अयोग्य.”

“तेल अयोग्य न्हाई साहेब. त्यात पानी हाय.”

“पंचवीस मिनिटं झाली. पाणी राहूच शकत नाही.”

“राहू शकत न्हाई, पर राहिलंय.”

मानसिंगरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पाण्यानंच नियम मोडला आणि त्याला चिमाजीनं फूस दिली. “आठव्या दिवशी बैलगाडी घेऊन येतो,” ते म्हणाले, आणि थर्मामीटर पुसून म्यानात घातला.

त्याच दुपारी चिमाजी तोंड पाडून घरी आला. घरात बाळंतीण होती. ठकुबाईला तिसरं झालं होतं, पाच दिवस झाले होते. म्हणून वेल्ह्यापलीकडच्या डोंगरवाडीतून तिची आई, कोंडाबाई, दोन दिवसांची पायपीट करून खाली उतरली होती. डोक्यावर लोण्याचं मडकं आणि तोंडात सात म्हशींच्या तक्रारी. चिमाजी तिचा भाचा, लहानपणी त्याला ती ‘चिम्या’ म्हणायची. जावई झाल्यापासून ‘तुमी’ म्हणू लागली. पण त्या ‘तुमी’त मान थोडा आणि गंमत जास्त असायची.

चुलीवर लोणी कढत होतं. कडकड कडकड चालली होती. कोंडाबाई चुलीकडे पाठ करून लेकीशी बोलत होती. कुणाची रेडी कुणाच्या शेतात शिरली, त्याची हकिगत ऐन रंगात आली होती. आणि अर्ध्या वाक्यात ती उठली, पदरानं पातेलं धरलं आणि खाली उतरवलं.

“मामी, तुमी बघितलंबी न्हाई!” चिमाजी म्हणाला.

“बघायचं काय त्यात? गप झालं न्हवं ते.”

“कोन?”

“तूप. आत पानी हाय तवर बोलतं. पानी सरलं की गप. गप झाल्यावरबी आगीवर ठिवलं तर मंग रागावतं, काळं पडतं. तुमच्यावानी.” तिनं तांब्यात बोटं बुडवून पातेल्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, आणि ती पुन्हा लेकीकडे वळली. “तर काय सांगत व्हते, ती रेडी...”

“तेलबी बोलंल का?”

“तेल बोलतं, दूध बोलतं. बोलत न्हाईत फकस्त जावई. चार दिस झालं, तोंडातनं शबूद न्हाई.”

हसू आलं ते तेव्हा. पण पाच मिनिटांनी चिमाजी दारात उभा होता. “मामी, गिरणीवर येता का जरा?”

“बाळंतपनाला आलेल्या म्हातारीला मशिनीवर घालता व्हय?” असं म्हणत ती कासोटा खोचून त्याच्या पुढे चालायला लागली.

काहिलीतल्या करंजेलाचा वास आला तशी ती दोन पावलं मागे सरकली. “अगं बया! ह्या तुपाची भाकरी कोन खानार?”

“इंजान खानार.”

“का? त्येचंबी बाळंतपन झालंय?”

पण बसली ती चुलाणापाशी. नवं तेल चढवलं. कोंडाबाई डोळे मिटून ऐकत राहिली. बराच वेळ कडकड झाली, मग विरळ झाली, मग एखाद-दुसरा टिचका. “आता नगं, आजून एक हाय आत,” ती म्हणायची, आणि खरंच तळातून एक बुडबुडा यायचा. शेवटी म्हणाली, “गप.” आणि तेल उतरवलं. ओढ्याकाठच्या ओल्या बियांचं तेल होतं, त्याला चाळीस मिनिटं लागली. माळावरच्या बियांचं दुसऱ्या दिवशी केलं, ते अठरा मिनिटांत गप झालं. पंचवीस कुणालाच लागली नाहीत.

अडचण अशी होती की कोंडाबाईचा कान गिरणीत कायमचा ठेवता येणार नव्हता. बारसं झालं की ती म्हशींकडे परतणार. चिमाजीचा कान वीस वर्षं तुपाशी बसलेला नव्हता. इंजिनाच्या पट्ट्याशी बसून तो अर्धा बहिरा झाला होता. म्हणून त्यानं कानाचं काम लोखंडाला शिकवायचं ठरवलं. काहिलीला पत्र्याचं झाकण केलं, झाकणाला मधोमध भोक. भोकावर तागडीचं एक पारडं सैल बसवलं आणि पारड्याला रखमाजीच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा बांधली. आत पाणी आहे तोवर वाफ भोकातून वर येणार, पारडं थडथडणार, घंटा वाजणार. पाणी सरलं की वाफ सरली, घंटा थांबली. ती थांबली की दोरी ओढायची, म्हणजे चुलाणाच्या तोंडावर पत्रा पडतो आणि आग कोंडली जाते. ना घड्याळ, ना डिग्री.

“म्हशीच्या गळ्यातली घंटा तेलाच्या गळ्यात बांधली,” कोंडाबाई म्हणाली. “रखमाजीची म्हस हरवली मंजे?”

“तेल गप झालं की हुडकू.”

पहिल्या खेपेला घंटा आणि कोंडाबाई एकदमच थांबल्या. तिनं ‘गप’ म्हणायला तोंड उघडलं आणि घंटा थांबली. म्हातारीनं घंटेकडे रागानं पाहिलं. तिच्या हद्दीत कुणी शिरलेलं तिला खपत नसे. “बरी हाय,” एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

मग मिसळणीचा घोळ. चिमाजीला घाई. त्यानं गरम तेलातच राकेल ओतलं. भपकन धूर उठला, अर्धं राकेल हवेत उडून गेलं आणि चुलाणातल्या निखाऱ्यानं त्यातलं थोडं वाटेतच गाठलं. काहील वाचली. चिमाजीची उजवी भुवई वाचली नाही. घरी ठकुबाई पोट धरून हसली. “तुमी एका डोळ्यानं रागावल्यागत दिसताय.”

“निवू द्या की जरा,” कोंडाबाई म्हणाली. “काहिलीच्या अंगाला तळवा लावायचा. माज्या सात म्हशींची नावं सावकाश घेऊन व्हईस्तवर हात टिकला तर राकेल वता. न टिकला तर थांबा.”

“नावं कोनती?”

“मोरी, भुरी, चांदी, रातुली, बगळी, गंगू, आनि काळुंद्री. काळुंद्रीला जरा वेळ द्या, ती मागं राहती.”

मिसळण जमली. राकेल उडेना, तेल पातळ राहू लागलं. इंजिनाला एक-दोन डबे पाजून पाहिले तर कसलीही कुरकुर न करता चाललं. गावात बातमी पसरली की चिमाजी सासूच्या मदतीनं इंजिनाला तूप पाजतो. लोकांनी ओढ्यावर त्याला विचारलं, “काय रं, इंजानाला डिंकाचं लाडूबी देतोस का?” त्यानं मनावर घेतलं नाही. ठरल्या दिवसापर्यंत कोंडाबाईनं स्वतःच्या हातानं चार काहिली उतरवल्या. दुसऱ्या कुणाला ती काहिलीजवळ येऊच देईना. घंटा ऐकायला चिमाजी, दोरी ओढायला चिमाजी, पण झाकण काढून तेल निववायला ती.

आठव्या दिवशी मानसिंगराव सकाळीच आले. मागे रिकामी बैलगाडी, गाडीत दोर आणि लाकडी ओंडके. चिमाजीनं त्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं. गिरणीपुढे पन्नास बाया दळणाच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनीही गाडीकडे पाहिलं. मग ओव्हरसियरकडे पाहिलं. पन्नास बाया एकदम न बोलता बघायला लागल्या की कोट घातलेल्या माणसालाही उकडतं. मानसिंगरावांनी कोट काढला.

“आठ वाजता चालू. बारापर्यंत,” ते म्हणाले. घंटेकडे नजर गेली. “हे काय आहे?”

“कंट्रोल हाय,” चिमाजी म्हणाला. शब्द पुण्यातला, त्यानं आठ वर्षं जपून ठेवलेला.

“ही म्हशीची घंटा आहे.”

“व्हय. आधी तिचा कंट्रोल व्हता, आता तेलाचा.”

आठला इंजिन सुरू झालं. टुक टुक टुक. पट्टा फिरला, पीठ पडायला लागलं. नऊ झाले. मानसिंगरावांच्या वहीत लिहिण्यासारखं काही घडेना, म्हणून ते अस्वस्थ झाले. साडेनऊ. चिमाजीनं टाकीत पाचवा डबा ओतला. दहाला दहा कमी असताना इंजिन शिंकलं.

चिमाजीचा हात कपाळाला गेला. परत शिंक. फट्. फुस्. पट्टा ढिला पडला, चाकानं दोन आळसट फेऱ्या मारल्या आणि थांबलं. गिरणीत इतकी शांतता झाली की जात्यातून शेवटचं पीठ सांडल्याचा आवाज आला.

“बंद पडलं,” मानसिंगराव म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, हे चिमाजीला दिसलं. पण त्यांनी पेन काढलं.

चिमाजीनं टाकीच्या तळाची चावी सोडली. हातावर तेल आलं आणि तेलाआधी आले पाण्याचे थेंब. गोल, स्वच्छ, तळहातावर पाऱ्यासारखे पळणारे. इंजिनाला जाणारी नळी टाकीच्या तळापासून दोन बोटं वर होती. पहिल्या डब्यांतलं पाणी तळाला साठत राहिलं, नळीपर्यंत चढलं, आणि इंजिन ते प्यालं. म्हणून एक-दोन डब्यांना काही होत नव्हतं.

“पानी आलं कुठनं?” तो स्वतःशीच म्हणाला.

“मी सांगितलं होतं. दोनशे तीस डिग्री...”

“घंटा थांबली व्हती साहेब. सगळ्या येळंला थांबली व्हती. म्या सवता ऐकलंय.”

“मग रॉकेलमध्ये असेल.”

“राकेलाचा डबा बघितलाय. कोरडा हाय.”

कोंडाबाई चुलाणापाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. आपल्या हाताखालून गेलेल्या जिनसात खोट निघाली, हे तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. “माज्या हातनं चुकलं म्हना,” ती म्हणाली. “जावई म्हननार न्हाईत, तर मीच म्हनते.”

“मामी, तुमचं कायबी चुकलं न्हाई. जे जे करता ते ते मला सांगा. एकेक.”

तिनं बोटं मोजून सांगितलं. तेल गाळते. चढवते. झाकण टाकते. घंटा ऐकते. तुमी आग कोंडता. झाकण काढते. निवू देते. म्हशी म्हणते. राकेल ओतते. चिमाजीनं डोकं खाजवलं. पाणी कुठंच नव्हतं.

गाडीवाल्यानं तोवर ओंडके खाली उतरवले होते. चिमाजी मानसिंगरावांपुढे उभा राहिला. पाया पडला असता तर बरं दिसलं असतं, पण तो त्यातला नव्हता. “साहेब, कागदात लिवलंय चार तास. कोनत्या चार तासांचं ते लिवलेलं न्हाई. आजून एक काहील करतो. दुपारी एकपासनं पाचपोतर.”

“आणि मी काय करू तोवर?”

“जेवा,” बायांतून कुणीतरी म्हणालं. “बाळंतिणीच्या घरचं तूप हाय.”

मानसिंगरावांना गिरणीच्या ओसरीवर जेवायला बसवलं. गरम भाकरी आणि वर कोंडाबाईचं तूप. मानसिंगरावांनी पहिला घास घेतला आणि हात थांबला. “काय रवाळ आहे हो! आमच्याकडे सगळी लापशी होते.” सगळ्यांचे कान चुलाणाकडे होते.

काहील चढली. कडकड सुरू झाली. घंटा वाजू लागली. आज चिमाजीनं सगळं एकट्या घंटेवर सोडलं नाही. तो कोंडाबाईच्या शेजारी डोळे मिटून बसला. आठ दिवसांत त्याचा अर्धा कान तिनं तयार केला होता. टिचका विरळ झाला. घंटा अडखळली. थांबली. “गप,” कोंडाबाई म्हणाली. चिमाजीनं दोरी ओढली, आग कोंडली. ती झाकण काढायला पुढे झाली. चिमाजी डोळे मिटूनच बसून राहिला. आजवर इथवर आलं की त्याचं ऐकणं संपायचं आणि तो नळी साफ करायला जायचा. आज गेला नाही. तेल निवत होतं. ओसरीवर मानसिंगराव ताक मागत होते.

आणि मग आवाज आला. चर्र.

चिमाजीनं डोळे उघडले. “मामी!”

“काय?”

“आत्ता काय केलंत?”

“काय केलं? कायबी न्हाई.”

“तेल बोललं. गप झाल्यालं तेल परत बोललं!”

“मी निस्ती उभी हाय हितं,” कोंडाबाई म्हणाली. तिच्या डाव्या हातात तांब्या होता आणि उजव्या हाताच्या पाचही बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

चिमाजीनं बोटांकडे पाहिलं. कोंडाबाईनंही पाहिलं, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. मग तिच्या हातातून तांब्या खाली पडला.

“अगं बया. हबका.”

तूप उतरवलं की रवाळ व्हावं म्हणून पाण्याचा हबका मारायचा. तिच्या आईनं मारला, आजीनं मारला. पातेल्याला चार थेंब, तर काहिलीला तिच्या मापानं पसाभर. त्यातलं थोडं चर्र करून उडालं, बाकीचं निवत्या तेलातून तळाला गेलं. एवढा खटाटोप करून तेलातून पाणी काढायचं, घंटा बांधायची, आग कोंडायची, भुवई जाळायची, आणि शेवटी आपल्या हातानं पाणी परत घालायचं. विचारल्यावर सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ते काम नव्हतंच. श्वास घेतला हे कुणी मोजून सांगतं का?

चिमाजी हसायला लागला. आधी पोटातून, मग खांद्यांतून. रागानं हसत होता की सुटल्याच्या आनंदानं, ते त्यालाही कळेना. “मामी, इंजान रवाळ करत व्हता व्हय!”

“हस, हस, चिम्या!” कोंडाबाई ओरडली. जावई-बिवई सगळं विसरली. “तुज्या कंट्रोलला कळलं का? कळलं का तुज्या घंटेला?”

“न्हाई कळलं.”

“मंग!”

तिचं खरं होतं. घंटेचं काम जिथं संपत होतं तिथून पुढं माणसाचा हात होता, आणि हाताला घंटा कुणीच बांधली नव्हती. चिमाजीनं ती काहील पुन्हा चढवली. घंटा पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. टाकी तळापासून पुसून कोरडी केली. तांब्या उचलून त्यानं ठकुबाईकडे घरी पाठवून दिला.

तेल निवत असताना कोंडाबाई काहिलीपाशी उभी राहिली. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. पण वेळ आली तसा उजवा हात आपोआप बाहेर आला. तिनं हाताकडे पाहिलं, मग तेलाकडे पाहिलं, आणि कोरडी बोटं काहिलीवर एकदा झटकली. आवाज झाला नाही.

“आता बघा काय ते,” ती म्हणाली. “त्याबिगर मला उतरवल्यासारखं वाटंना.”

मोरी, भुरी, चांदी, रातुली, बगळी, गंगू. काळुंद्रीला वेळ दिला. राकेल ओतलं.

एक वाजता इंजिन सुरू झालं. दोन वाजले. तीन. पाचवा डबा गेला, सहावा गेला. बाया दळण घेऊन आळीपाळीनं पुढं सरकत होत्या आणि प्रत्येकीनं जाताना रिकाम्या बैलगाडीकडे एक नजर टाकली. पाच वाजले. इंजिन थांबवलं नाही. थांबवायचं कारण नव्हतं, चार पाट्या राहिल्या होत्या.

मानसिंगरावांनी वहीतला ‘अयोग्य’ खोडला. खोडायला त्यांना जड गेलं, पण खोडला. मग दुसरं पान काढलं. “ही पद्धत कचेरीला कळवावी लागेल. किकवी, सारोळे, सगळीकडच्या गिरण्यांना उपयोगी पडेल. मी समोर बघितलं ते क्रमानं लिहितो. सांगा.”

चिमाजी सांगत गेला, ते लिहीत गेले. म्हशींपाशी त्यांची लेखणी अडली. थोडा विचार करून त्यांनी ‘सुमारे बारा सेकंद’ असं लिहिलं. घंटेचं ‘वाफसूचक’ झालं. ‘कोंडाबाई’ हे नाव कुठल्याच रकान्यात बसलं नाही, तसा रकानाच नव्हता. खाली सही मात्र मोठी आली, ती मानसिंगरावांची. बैलगाडी ओंडके घेऊन रिकामीच भोरला परतली. गुलाबांचं काय झालं, ते कुणी विचारायला गेलं नाही.

बारसं झालं, कोंडाबाई डोंगरवाडीला गेली. ज्येष्ठात चिमाजीला किकवीच्या गिरणीवर बोलावणं आलं. त्यांचंही इंजिन करंजावर घालायचं होतं. तिथला इंजिनवाला गेनू, नवखा पण चोख. भिंतीवर कचेरीचं परिपत्रक डकवलेलं. चुलाण, झाकण, घंटा, सगळं बरहुकूम. घंटा थांबली, गेनूनं आग कोंडली. झाकण काढलं. तेल निवत होतं. मग गेनू काहिलीपुढं ताठ उभा राहिला आणि देवासमोर उभं राहावं तशा गंभीर चेहऱ्यानं कोरडी बोटं तेलावर एकदा झटकली.

“हे काय?” चिमाजीनं विचारलं.

“नियम हाय. कलम आठ. ‘शेवटी उजव्या हाताची बोटे कोरडी करून पात्रावर एकवार झटकावीत.’ न झटकता उतरवलं तर दंड.” गेनूनं आवाज खाली आणला. “कशासाठी ते म्हाईत न्हाई. मोठं शास्त्र असंल.”

“असंल,” चिमाजी म्हणाला. त्याची भुवई अजून नीट उगवली नव्हती, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती.

दिवाळीला कोंडाबाई आली तेव्हा त्यानं तिला सांगितलं. किकवीत झटकतात, सारोळ्यात झटकतात, जिथं जिथं करंजेल कढतं तिथं सगळे बाप्ये तिच्यासारखी बोटं झटकतात, तीही सरकारी हुकमानं. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं गिरणीकडून येणारी टुक टुक ऐकली, मांडीवरचं नातवंड सावरलं आणि विचारलं, “मनगटातनं झटकत्यात का कोपरातनं?”

“मनगटातनं.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली.